गुळाचा सह्याद्री

ज्वालामुखी म्हटलं की आपली माणसं लगेच जपानकडं नाहीतर इटलीकडं बोट दाखवतात. आपण स्वतः कशावर उभे आहोत ते काही बघत नाहीत. याचा मला तेव्हा राग यायचा आणि आता केस पिकले तरी येतो. अख्खा सातारा जिल्हा आणि शेजारची सांगली थिजलेल्या लाव्ह्यावर वसलेली आहे. पाटा-वरवंटा, विहिरीचा कातळ, देवळाची पायरी, सगळं एके काळी वितळून वाहत होतं. लाव्ह्याचा एवढा मोठा पसारा जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. ज्याला हे ठाऊक नाही त्यानं किल्ल्यांच्या गप्पा मारू नयेत, असं मी वर्गात सरळ सांगायची.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं नवं बोर्ड आलं त्या सुमाराची ही गोष्ट. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होते. मूळची मी सांगलीची. वडिलांची पेठेत गुळाची अडत, घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारं. एवढ्यावरून बाई गोड बोलणाऱ्या असणार अशी गावानं आपली समजूत करून घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मी एका पालकाला फळ्यासमोर उभं करून झापलं आणि गावाची समजूत दुरुस्त केली.

नववीच्या पुस्तकात ज्वालामुखीचा धडा होता. चित्र नेहमीचंच: शंकूसारखा डोंगर, वर तोंड, तोंडातून धूर. मी म्हणाले, "पुस्तक मिटा आणि खिडकीतून बाहेर बघा. तो समोरचा डोंगरसुद्धा लाव्ह्याचाच आहे." पोरं खिडकीकडं वळली. मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचा बाप फौजेत हवालदार होता. पोर अंगानं किडकिडीत, आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा.

"बाई, मग त्येचं त्वांड कुटं हाय?"

पोरं हसली. मी हसले नाही. इतका नेमका प्रश्न मी शिकवायला लागल्यापासून कुणी विचारला नव्हता. त्या क्षणापासून ती माझी लाडकी झाली, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. शिक्षकानं सगळ्यांना सारखं लेखावं म्हणतात. म्हणोत बापडे.

तिला मी सांगितलं ते असं. भुईच्या खाली, खूप खोल, एवढी धग आहे की तिथला खडक काही ठिकाणी वितळतो. वितळलेला खडक भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर सरकत राहतो. त्यात वाफ आणि वायू मुरलेले असतात. खोलात असताना वरच्या ओझ्यानं ते दबून राहतात. वर येईल तसं ओझं उतरतं आणि वायू फसफसत सुटतो. स्टँडवरची गोटी सोड्याची बाटली आठवा, मी म्हणाले, गोटी आत दाबली की बुडबुडे धावत वर येतात आणि सोडा अंगावर सांडतो. उद्रेक म्हणजे तेच. लाव्हा घट्ट असला तर तोंडाशीच साचतो, त्याचा शंकू होतो, आणि वायू आत कोंडला की एक दिवस माथाच उडतो. आपल्याकडचा लाव्हा पातळ होता. त्याला एक असं तोंड नव्हतंच. चैत्रात काळ्या रानाला भेगा पडतात तशा भुईला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा उतू आला आणि कोसच्या कोस पसरला. तो निवला, दगड झाला. मधे बराच काळ गेला, वर माती झाली. मग दुसरा आला, त्या मातीला भाजून तांबडी करत तिच्यावर पसरला. असे थरावर थर.

"मंजी आमच्या गुऱ्हाळावानी," ती म्हणाली.

मी अडत्याची पोर. मला गूळ पोत्यात बघायची सवय, काहिलीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग घेऊन मी तिच्या मळ्यावरच्या गुऱ्हाळात गेले. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, वर भलीमोठी काहील. रस उकळून फेसाळत वर चढायचा, वर आलेली मळी काढली की खाली बसायचा. तिनं पळीभर पातळ काकवी फळीवर ओतली, ती झर्रकन सपाट पसरली. थोड्या वेळानं घट्ट झालेला पाक ओतला, तो जागच्या जागी ढीग होऊन बसला. "ह्यो जपान, आनी ह्यो आपला सातारा," ती फळीवर बोट ठेवून म्हणाली. मी उभ्या उभ्या ठरवलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आमच्या शाळेतून हिलाच न्यायचं.

पण त्याच आठवड्यात ती शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बोलता बोलता तिचा तो खणखणीत आवाज पार खाली गेला.

"बाई, नववी झाली की माजं नाव काडणार हाईत. आबांनी विट्याकडच्या पावण्यांस्नी शबुद दिलाय. आबा सुट्टीवर आल्यात, म्हयना सरायच्या आत सुपारी फोडायची हाय. मला न्हाई बसायचं घरात. मला धावी करायचीया."

पाहुणे वाईट नव्हते, हे आधी सांगून टाकते. विट्याकडची बरीच माणसं दूरच्या शहरांतून सोनं गाळायची दुकानं चालवतात. मुलगाही त्यातलाच, निर्व्यसनी, कामाचा. कुणी सांगितलं असतं तर आजूबाजूच्या दहा घरांनी हात जोडून ते स्थळ घेतलं असतं. त्यामुळं भांडायला मला कुणी खलनायकही मिळाला नाही.

मी तशीच तिच्या घरी गेले. हवालदार अंगणात खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. एकाहत्तरच्या लढाईत जाऊन आलेला माणूस, मिशीला पीळ, बोलणं तुटक. मी एवढं बोलले, एवढं बोलले, की शेजारच्या बायका भाकऱ्या टाकून ओट्यावर आल्या. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, रागाऊ नगासा," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय म्हनतासा. आसंल. पर मी सालातनं दोनदा घरी येतो. ती काय शिकतीया मला काय ठावं? आमच्यात आदी इन्स्पेक्शन आसतं, मग परमोशन. मला दाखवा. बगून ठरवीन."

"तालुक्याच्या प्रदर्शनाला या. तिथं बघा."

"येतो. पर तवर मला काय दावायचं न्हाई, काय सांगायचं न्हाई. इन्स्पेक्शनच्या आदी बगून घेनं बेकायदा हाय."

आणि पठ्ठ्यानं ते अक्षरशः पाळलं. पोरगी गुऱ्हाळात काम करू लागली तसं त्यांनी मळ्याकडं जाणंच सोडलं.

पोरीनं काय केलं ते ऐका. एका लाकडी पाटाला चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या. त्यात पहिला थर काळपट, कडक पाकाचा: हा काळा पाषाण. त्याच्या डोक्यावर दुसरा थर, त्यात खायचा सोडा टाकलेला, त्यामुळं फुगून भोकाभोकांचा झालेला: हा वरचा पोकळ खडक, ज्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. डोंगरातल्या या भोकांत पुढं पांढऱ्या गारगोट्या भरतात, म्हणून तिनं भोकांत खडीसाखरेचे बारीक खडे बसवले. आणि दोन लाव्ह्यांच्या मधली भाजलेली तांबडी माती? त्यासाठी तिनं भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल सालं पसरली. असे थर चढवत चढवत पाट भरला. फळ्या काढल्यावर मी त्या ठोकळ्याकडं बघतच राहिले. बाजूनं बघितलं तर आमच्या डोंगराचा काप काढून ठेवल्यासारखा दिसत होता. हेडसर म्हणाले, "बाई, फार छान, पण यातून धूर निघत नाही." मी म्हणाले, "सर, धूर बघायचा तर चुलीपुढं बसावं."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी तिला आणायला घरी गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी पाट मळ्यातून आणून ओट्यावर पांढऱ्या धुतल्या फडक्याखाली ठेवलेला होता. पोरगी आत वेणी घालत होती, तिची आई गोठ्यात होती. ओट्यावर मात्र मेळा जमला होता. हवालदारांची सुट्टी संपत आली म्हणून गावातली चार-दोन जाणती माणसं भेटायला आलेली. सगळ्यांची तोंडं चालू होती. हवालदार मधोमध बसले होते, हातात खलबत्त्यातला बत्ता, आणि मोठ्या खुशीत सगळ्यांना आग्रह करत होते.

"घ्या की आन्ना. आमच्याच गुऱ्हाळाचा हाय. पोरगीनं माज्यासाटनं क्येलाय, पलटनीत न्यायला. खाऊन बगा, सोडा घालून कसा हलका क्येलाय."

झालं होतं ते असं. आमच्याकडं फौजेतला माणूस सुट्टीवरून परत निघाला की घरची बाई त्याच्याबरोबर पेटी भरून खाऊ देते, एकट्याला पुरेल एवढा नव्हे, अख्ख्या बराकीला पुरेल एवढा. ज्याच्या घरून काही आलं नाही त्याला बराकीत खाली बघावं लागतं. आणि गुऱ्हाळ असलेल्या घराच्या दारातून कुणी गूळ तोंडात घातल्याशिवाय जायचं नाही, हीही रीत. फडक्याखाली गूळ, सोडा, खडीसाखर, शेंगदाण्याची सालं. फौजी बापानं दुसरं काय समजावं? आधी काही सांगायचं नाही हा हुकूम त्यांचाच. माझा सह्याद्री पश्चिमेकडून निम्मा खाल्लेला होता.

मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. आठवतो तो हवालदारांचा चेहरा. काय झालं ते कळलं तसा त्यांच्या हातातला बत्ता खाली आला आणि गोळीबार बघितलेला तो माणूस चुन्यासारखा पांढरा पडला. आण्णांनी तोंडातला घास गिळावा की थुंकावा या विचारात तसाच धरून ठेवला.

"चुकलं, बाई," हवालदार म्हणाले. "लय मोटं चुकलं."

पोरगी वेणीचं एक टोक हातात धरून दारात उभी होती. तिनं पाटाकडं बघितलं. डोळे भरले, पण एक टिपूस खाली पडू दिलं नाही. मग वेणी बांधत म्हणाली, "बाई, एस.टी. चुकंल. चला."

पाट हवालदारांनी उचलला. कुणाला हात लावू दिला नाही. गाडीत बसायला जागा होती तरी ते सगळा रस्ता पाट छातीशी धरून उभे राहिले. पोरगी माझ्याजवळ खिडकीशी बसली होती. बराच वेळ डोंगराकडं बघत होती. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"बाई, लाव्हा समदीकडं पसरला म्हनलासा. मग ह्या डोंगरापास्नं त्या डोंगरापतुर मदला दगड ग्येला कुटं?"

"पावसानं नेला. ओढ्यांनी, नद्यांनी. लाखो वर्षं झिजवत."

"आस्सं," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडं वळली.

तालुक्याच्या शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती. आमच्या शेजारच्या टेबलावर एका नावाजलेल्या शाळेचा ज्वालामुखी होता. मातीचा शंकू, त्यावर नारिंगी पूड, काडी लावली की ठिणग्या उडायच्या, हिरवी राख बाहेर पडायची आणि पोरं टाळ्या पिटायची. दिसायला झकास, नाकारत नाही. आमच्या टेबलावर अर्धा खाल्लेला गूळ, आणि त्याच्यामागं भिंतीला पाठ लावून सावधानमध्ये उभा असलेला हवालदार.

परीक्षक आले. वयस्क गृहस्थ, चष्मा नाकावर. त्यांनी पाटाकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मोडलेलं कशाला आणलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरीनं सुरुवात केली. आधी पुस्तकी भाषेत, जपून.

"मोडलेलं नाही सर. आधी अख्खं होतं. भेगांतून लाव्हा आला, थर बसले, डोंगर नव्हताच, सगळी सपाट पठारं होती. मग पाऊस लागला." इथं तिचा आवाज मोकळा झाला आणि भाषाही. "पावसानं कडंनं खाल्लं. जितं कटीन थर हाय तितं उबी कड ऱ्हायली, जितं पोकळ हाय तितं झिजून उतार झाला. म्हनून आपल्या डोंगरास्नी पायऱ्या हाईत, बगा, हितं, हितं आनी हितं. तुटलं नसतं तर थर दिसलंच नसतं. ह्यो जो मोकळा भाग हाय न्हवं, तितं आमचं गाव."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "आणि हा खाली पडलेला चुरा? तो तरी झाडायचा."

"त्यो कसा झाडू सर? ती आमची काळी माती. दगूड झिजून झाल्याली. तिच्यातच ऊस येतो. त्या उसाचाच ह्यो गूळ."

मी तिला यातलं एक अक्षर पढवलं नव्हतं. काळी माती कशी होते ते वर्गात सांगितलं होतं, डोंगराच्या पायऱ्या दाखवल्या होत्या, पण हे सगळं एका सुतात ओवलं तिनं, त्या खिडकीशी बसून, डोळे भरलेले असताना. आयुष्यात मला मिळालेलं मोठं बक्षीस कोणतं असं कुणी विचारलं, तर मी त्या टेबलासमोरची ती दोन मिनिटं सांगेन. निवृत्तीच्या वेळी मिळालेली शालही चांगली होती, पण ती पुढं कसरीनं खाल्ली.

परीक्षकांनी शेवटी विचारलं, "ही तोडायची कल्पना कुणाची?"

पोरीनं मागं वळून बघितलं. "आबांची," ती म्हणाली. "फोडायचं काम त्येंनी क्येलं."

हवालदार भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले.

पहिलं बक्षीस नारिंगी पुडीला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ. मी पदर खोचून परीक्षकांकडं निघाले होते, चार शब्द सुनावायला, आणि मी सुनावले असते. हवालदार आडवे आले.

"ऱ्हाऊ द्या, बाई. त्येंचं इन्स्पेक्शन त्येंनी क्येलं. माजं मी क्येलं."

एवढंच. येताना गाडीत ते पुन्हा पाट छातीशी धरून उभे. पोरगी माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. विचारायची हिंमत तिला नव्हती आणि, खरं सांगते, मलाही नव्हती. गावात उतरल्यावर ते पाट घेऊन सरळ घराकडं चालू लागले.

त्या घरात पुढं काय झालं ते मला नंतर तिच्या आईनं सांगितलं. हवालदारांनी जेवता जेवता म्हटलं, सुपारी फुटणार न्हाई, पोरगी धावीला बसंल. घरात एकच गलका झाला. भावकीतली माणसं म्हणाली, मधल्या माणसाकरवी निरोप धाडा, काहीतरी कारण सांगा, पत्रिका जुळत नाही म्हणा. ते म्हणाले, "शबुद माजा हाय. मोडायचा तर मीच मोडनार. दुसऱ्याच्या तोंडनं न्हाई आनी खोटं बोलून न्हाई."

शब्द मोडणं म्हणजे आमच्याकडं काय असतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. माणूस कर्ज बुडवून गावात राहू शकतो, शब्द मोडून राहू शकत नाही. त्यातून फौजेतला माणूस. विट्याच्या त्या घरात त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागणार, हे हवालदार पुरतं ओळखून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ते स्टँडवर उभे. अंगात कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, छातीवर फिती, बूट आरशासारखे. शेजारी दप्तर घेऊन पोरगी. मला वाटलं सुट्टी संपली, पलटनीत निघाले.

"आज निघालात?"

"न्हाई. विट्याला."

"युनिफॉर्मवर?"

"सोयरीक जमवायला धोतर नेसून, फेटा बांधून ग्येलतो," ते म्हणाले. "आज माफी मागायची हाय. शिव्या बसतील, त्या हक्काच्या हाईत त्येंच्या. पर पोरगी शिकतीया म्हनून मान खाली घालून उबा ऱ्हाणार न्हाई. माफी मागीन ती ताठ उबा ऱ्हाऊन."

गाडी आली. ते चढले, दारातच उभे राहिले आणि खाली बघितलं. पोरगी तिथंच खिळल्यासारखी उभी होती.

"हितं काय बगतीस," ते तिच्या अंगावर ओरडले. "शाळंला उशीर व्हतूया. पळ."